निर्यात अडली तर गावातली खरेदी देश तारेल म्हणतात. ती खरेदी कशाच्या पैशावर? (२०२५ च्या हंगामातली चर्चा)

राळेगावचा दुकानदार

राम राम मंडळी. माझं टीव्ही, मिक्सर, मोबाईलचं दुकान आहे. अर्थशास्त्र शिकलेलो नाही, म्हणून विचारतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला, मोठा टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सेल्समन येऊन सांगून गेला, 'माल भरा शेठ, यंदा जोर आहे.' त्याच सुमारास बातम्यांत चर्चा सुरू होती. अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावलं, जगाचा व्यापार मंदावतोय, पण आपल्याला एवढी भीती नाही. का, तर देशाच्या जीडीपीत जवळपास ६० टक्के वाटा घरगुती खर्चाचा. लोकांनी खरेदी चालू ठेवली की झालं.

आता माझं गिऱ्हाईक बघा. परवा एक जण मुलीच्या लग्नासाठी ४३ इंची टीव्ही बघायला आला. हप्ते करून देणाऱ्या पोरानं मशीन पुढं केलं, तर अंगठाच उठेना. कापसाची वेचणी करून बोटं सोललेली. तेल लावून झालं, पुसून झालं, दुसऱ्या हाताची बोटं झाली, मशीन आपलं लालच. शेवटी तो म्हणाला, 'राहू द्या, चुकारा आला की बघू.' चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. माझ्या वहीत उधारीपुढं तारीख नसतेच, 'चुकाऱ्यावर' एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून प्रश्न असा. बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं की आतलं गिऱ्हाईक ती जागा भरतं, हे पुण्या-मुंबईत खरं असेल. पण इथल्या माणसाचा खिसाच बाहेरच्या बाजारावर भरत असेल, तर त्यानं कोणाची जागा भरायची? आणि मी माल भरू की नको?

जिनवाला, हिंगणघाट

भाऊ, तुझी शंका बरोबर आहे. आमच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, एक क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. आमचे मालक सकाळी आधी न्यूयॉर्कचा वायदा बघतात, मग सरकीचा भाव, आणि त्यानंतर खेडा खरेदीवाल्यांना, म्हणजे गावात जाऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यांना, फोन लावतात. मे २०२२ मध्ये खंडी लाखाच्या घरात गेली होती, तेव्हा कापूस बारा हजारांवर विकला. पुढच्या हंगामात लोकांनी त्याच आशेनं घराघरात गंजी लावल्या. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, भाव काही आला नाही.

यंदाचं ऐक. अमेरिकेच्या शुल्कानं तिरुपूरसारख्या ठिकाणचे कपडे निर्यात करणारे अडचणीत आले. त्यांना आणि सूतगिरण्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झालं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे मार तिरुपूरला बसला आणि वळ उठले राळेगावात.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११०, खाजगीत सात हजारांच्या आतबाहेर. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत, आणि वरून ते ॲपवरच्या नोंदणीचं लचांड. वीस क्विंटलवाल्याला दोन्हींतला फरक बावीस हजार. तुझ्या टीव्हीचे पैसे तिथंच गेले. तुझं गिऱ्हाईक केंद्रावर विकतं की खेडा खरेदीत, ते विचार आणि मग माल भर.

संत्रावाला, वरुड

आमच्या इकडं कापसापेक्षा संत्राच जास्त. पहिले व्यापारी बागेत येऊन आंबिया बहाराचा सौदा करून जाये, गाड्या निघे बांगलादेशाकडं. त्याईनं २०१९ पासून शुल्क वाढवत वाढवत २०२३ ले किलोमागं ८८ रुपयांवर नेलं. आता सांगा, कोण नेईन?

तवाही सारे हेच म्हणे, देशात का कमी माणसं हायेत खायले? हायेत न बाप्पा. माल खपला, नाही खपला असं मी म्हणत नाही. पण साऱ्याईच्या गाड्या त्याच चार मंड्यांत उभ्या राह्यल्या. कोणत्या भावानं खपला ते बागवानाले विचारा, टीव्हीवाल्याले नका विचारू.

बचत गट, देवळी

दादा, मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळाच पैसा काही कापसाचा नसतो. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये न्यूयॉर्कला विचारून येत नाहीत. ते किराण्यात जातात, वह्या-पुस्तकांत जातात. आमच्या गावच्या किराणेवाल्याला विचारा, तो तुमच्याएवढा रडत नाही.

पण खरेदी म्हणजे टीव्हीच का? आमच्या गटातली कर्जं बघितली तर नर्सिंगची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, सोनोग्राफी. सरकारच्या हिशेबात तोही घरगुती खर्चच. दवाखान्याचं बिल फुगलं तर तो आकडा वाढेल, पण घर काही सुखात आलं नाही. आणि हप्त्यावर टीव्ही घेणं म्हणजे पुढच्या वर्षीचा कापूस यंदाच विकणं. तुमच्या त्या गिऱ्हाइकाचा अंगठा उठला नाही, बरंच झालं म्हणायचं!

तेलाचं तर बोलूच नका. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८, बाजारात त्याच्या कितीतरी खाली, आणि देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. म्हणजे सोयाबीनवाल्याचा खिसाही बाहेरच्याच बाजारावर.

निवृत्त मास्तर, खामगाव

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. भाव चढले, हातात पैसा खेळला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. आमच्या गावाला रेल्वे आली ती १८७० मध्ये, तीही कापसासाठीच. तेव्हा बाहेरच्या बाजाराला असं टांगलेलं असणं आजचं नाही.

एक मात्र नीट समजून घ्या. व्यापार मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. २००९ मध्ये तो एका वर्षात सुमारे १२ टक्के आकसला होता, पुढे सावरला. फक्त जगाच्या उत्पन्नातला त्याचा वाटा २००८ पर्यंत जसा वाढत गेला, तसा पुन्हा वाढला नाही. अमेरिकेत घरगुती खर्चाचा वाटा ६८ टक्क्यांच्या आसपास, चीनमध्ये ४०. एक खाऊन दमला, दुसरा बनवून थांबत नाही. दोघांच्या भांडणात उरलेला माल आपल्या दारात येतो, हे जास्त काळजीचं. ६० टक्के हा आकडा आपण बढाई म्हणून सांगतो, पण त्यातला खर्च कमाईतून किती आणि कर्जातून किती, हे विचारलं पाहिजे. ताईंनी तेच विचारलं.

राळेगावचा दुकानदार

ताई, रडत नाही हो, वही दाखवतो पाहिजे तर! मोठे टीव्ही दोनच मागवतो. मिक्सर आणि फवारणीचे बॅटरी पंप भरतो, ते रोखीनं जातात. जिनवाले भाऊ, ३१ डिसेंबरनंतर शुल्क परत लागलं, तर खेडा खरेदीत भाव लगेच चढेल का?

जिनवाला, हिंगणघाट

लगेच नाही. माफीच्या काळात गिरण्या बाहेरच्या गाठी भरून ठेवतात, त्या आधी संपायला पाहिजेत. आणि तोपर्यंत लहान शेतकऱ्याचा कापूस घरात राहत नाही, सावकार आणि कृषी केंद्रवाला दारात उभे असतात. वाढलाच भाव तर तो ज्यांची गंजी अजून घरात आहे त्यांना. अशी घरं तुझ्या वहीत किती, ते मोज.