४ मीटर शाफ्टवर ०.०८ मिमी टेपर (एका टोकाचा व्यास जास्त): टेलस्टॉक हलवू की प्रोग्रॅममध्ये सुधारू?

शाफ्टवाला: फ्लॅट बेड सीएनसी लेथ. फोर्ज्ड स्टीलचा शाफ्ट, ४०० मिमी डाया (व्यास), ४ मीटर, वजन सुमारे ३.९ टन. एकीकडे चक (जॉब पकडून फिरवणारा), दुसरीकडे टेलस्टॉकमधलं लाइव्ह सेंटर (जॉबसोबत फिरणारा टोकदार आधार). फिनिश कट टेलस्टॉककडून चककडे, १५० मीटर/मिनिट, फीड फेरीला ०.३ मिमी. टेलस्टॉककडचा डाया ०.०८ ने मोठा येतो, मधला त्याच्या निम्म्याने. प्रोग्रॅममध्ये उलटा टेपर देऊन टाकू का?

माईक_डायल: इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) झीज नाही, ती असती तर चककडचा डाया मोठा आला असता. वाढ सरळ रेषेत आहे, म्हणून लवचिकतेचाही संशय नको. टेलस्टॉक आडवा सरकलेला दिसतो. ०.०४ टूलकडे घ्या (डायाच्या फरकाचा निम्मा). उंचीत ०.१ चूक असली तरी ४०० डायावर ती मोजताही येणार नाही.

थंड_जॉब: थांबा, लगेच हलवू नका. या वेगाला ११९ आरपीएम, म्हणजे पास (टोकापासून टोकापर्यंत एक कट) जवळपास ११० मिनिटांचा. तेवढ्यात जॉब १० अंश तापला, तर चककडे गरम धातू मापात कापला जातो आणि थंड झाल्यावर ०.०४८ ने बारीक होतो. हा टेपर तुमच्याच दिशेचा! रफिंगनंतर (आधीच्या जाड कटनंतर) जॉब निवत असेल तर उलटा येईल. पासच्या आधी आणि नंतर दोन्ही टोकांचं तापमान घ्या.

आणि क्विल (टेलस्टॉकमधली सेंटर धरणारी सरकती नळी) लॉक करून चालवत असाल तर बघा: १० अंशांना शाफ्ट लांबीत ०.४८ वाढतो. वाढायला जागा नसेल तर वाकतो.

माईक_डायल: मान्य. मग निकाल कॉलरने (मोजण्यापुरत्या कापलेल्या अरुंद पट्ट्याने) लावा. थंड जॉबवर दोन्ही टोकांना ५० मिमी रुंद कॉलर, एकाच एक्स (टूलच्या आडव्या) मापाला, ०.२ चा हलका कट, लागोपाठ. इथे ना तापमान, ना झीज. दोन्ही कॉलर सारखे आले तर टेलस्टॉक निर्दोष. फरक आला तरच सरकवा, पण क्विलवर डायल (किती सरकलं ते दाखवणारं घड्याळ) लावून, आणि टेलस्टॉकचा क्लॅम्प पूर्ण आवळल्यावरच वाचा. आवळताना तो थोडा हलतो, लोक तिथेच फसतात.

बेड_लेव्हल: प्रोग्रॅममधला टेपर या लांबीपुरताच. पुढच्या जॉबला टेलस्टॉक दुसरीकडे उभा राहिला की आकडा बदलला. कॉलरनंतर ०.०१ उरलं तर खुशाल द्या.