‘आत गेला की कैदीच पाहून घेतील’ म्हणणाऱ्यांसाठी

धंतोलीकर सुमेधा:
परवा नागपुरातल्या एका पेजवर एका मुलीवरच्या अत्याचाराच्या आरोपीला वर्धा रोडवरच्या जेलमध्ये नेतानाचा फोटो आला. वर ओळ होती, ‘आता वर्धा रोडवरचे कैदीच याला रात्री धडा शिकवतील’. धडा म्हणजे काय, तर आत कैद्यांनी त्याच्यावर बलात्कार करायचा. खाली नुसते हसरे चेहरे. त्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, दोन सख्खे नातेवाईक आहेत. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकते.

ज्याच्यावर तुम्ही हसताय त्याला अनेकदा वेगळ्या कोठडीत ठेवतात, कारण त्याला काही झालं तर बातमी होते. सर्वसाधारण बराकीत जातो तो मोबाइल चोरीतला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, ज्याला जामीन मिळालाय पण जामीनदार मिळत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभर ५,७३,२२० बंदी होते, क्षमता ४,३६,२६६. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. गुन्हा सिद्ध न झालेले.

तिहारमधल्या एका कैद्याच्या गुदद्वारात वॉर्डरने दांडा घातला होता, पैसे उकळायला. दुसरा कैदी सुनील बत्रा याने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि न्या. कृष्णा अय्यर यांनी त्या पत्रालाच याचिका मानलं. ही १९७९ ची गोष्ट. आपण अजून त्यावर विनोद करतोय. अशा विनोदांमुळेच आतला पोरगा बाहेर येऊन तोंड उघडत नाही.

महालकर:
ताई, त्या पोरीच्या आईनं हे वाचलं तर तिले काय वाटन? मानवाधिकार नेहमी आरोपीचेच काहून असतात? अत्याचार झालेल्या बायांले सरकार मदत देते त्या मनोधैर्य योजनेचा पैसा मिळवाले एका ओळखीच्या बाईनं किती चकरा मारल्या ते मी पाहिलं आहे, त्याच्यावर कोणी धागा काढत नाही. अन् आपल्या जेलमध्ये इतके लोक कोंबले आहेत का कूस बदलाले जागा नाही. तिथं कोण काय करन? हे अमेरिकेतलं आणून इथं चिकटवून राहिले तुम्ही.

जुना खाकीवाला:
मी जेल खात्यातून निवृत्त. कोणतं जेल ते लिहीत नाही. गर्दी आहे म्हणून होत नाही असं म्हणणाऱ्यानं बराक पाहिली नाही. कोण कुठे झोपणार हे साहेब ठरवत नाही, बराकीतला जुना माणूस ठरवते. नवीन पोट्टा येते, घरून मनीऑर्डर नाही, मुलाकातीले कोणी नाही. त्याले संडासाजवळची जागा. मग कोणी बिडी देते, कोणी पंख्याखाली बोलावते. काही दिवसांनी त्याची वसुली. आजूबाजूच्यांले सगळं दिसते, ते तोंडावर चादर घेतात. सकाळी टोटलच्या वेळी, म्हणजे कैदी मोजताना, विचारलं तर पोट्टा म्हणते बाथरूममध्ये घसरलो.

पण शिपायाले शिव्या द्यायच्या आधी हेही लिहा. रात्री बराकी बंद झाल्या का एका माणसाच्या नजरेखाली किती बराकी असतात? रजा मागितली का नाही म्हणतात. क्वार्टरचं छत गळत होतं, पावसाळ्यात बायको-पोरं माहेरी पाठवली मी. भरती काढा म्हणा सरकारले.

वकील, सिव्हिल लाइन्स:
अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर तिथे २००३ मध्ये तुरुंगांतल्या बलात्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. बंद्यांना नाव न विचारता प्रश्न विचारले गेले. २०११-१२ च्या पाहणीत राज्य आणि संघीय तुरुंगांतल्या सुमारे ४ टक्के बंद्यांनी वर्षभरात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यातही कर्मचाऱ्यांकडून झालेला, इतर बंद्यांकडून झालेल्यापेक्षा कमी नव्हता. आपल्याकडे कोणी विचारतच नाही, म्हणून ‘आपल्याकडे नाही’ म्हणता येतं.

आणि इथली तऱ्हा पाहा. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या नवतेज जोहर निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून काढले, जबरदस्तीसाठी ते शाबूत ठेवलं. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलमच गेलं. बलात्काराच्या नव्या कलम ६३ मध्ये पीडित फक्त स्त्री. प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर दुखापतीची कलमं लावा. बलात्काराचे कायदे सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्येच सांगितलं होतं की पीडित कोणीही असू शकतो.

महालकर:
बरं वकीलसाहेब, कायद्यात भोक आहे, एवढं मानतो. पण लोक हसतात ते काहून हसतात? न्याय मिळत नाही म्हणून. २००४ चं कस्तुरबानगर विसरले का तुम्ही? वस्तीतल्या बायांवर अत्याचार करणाऱ्या गुंड अक्कू यादवले जिल्हा न्यायालयात बायांनी संपवलं, तेव्हा सगळं नागपूर त्यायच्या पाठीशी होतं. तेव्हा कुठं होते तुमचे कृष्णा अय्यर?

जरीपटक्याची नलू:
महालकर भाऊ, कस्तुरबानगरचं नाव घेताय तर नीट घ्या. माझी मावशी त्या भागात राहायची. अंधार पडला की दाराला कडी लावून वर कपाट सरकवायची. त्या बायका वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन फिरल्या, कोणी ऐकलं नाही. शेवटी जे झालं ते त्यांच्यावर आलं. त्यांना जेलमधल्या गुंडांकडून न्याय नको होता, दारात आलेला पोलीस हवा होता. त्यांच्या नावाने तुमचे विनोद खपवू नका.

त्रिमूर्तीनगर:
कोर्टाच्या खोलीत माणूस मारला, त्याला किती वर्षं डोक्यावर घेऊन नाचायचं? उद्या माझ्या भावावर खोटी केस झाली तर त्यालाही जमाव मारेल. मी ते समर्थन ऐकून घेणार नाही.

जरीपटक्याची नलू:
तुमच्या दारावर कोणी लाथा मारल्या होत्या का? नव्हत्या ना. मग गप्प बसा.

त्रिमूर्तीनगर:
गप्प बसवायचं असेल तर धागा कशाला? पुराव्याअभावी त्या खुनातले आरोपी सुटले, म्हणजे खून कोणीच केला नाही असं समजायचं का?

धंतोलीकर सुमेधा:
दोघंही थांबा. कस्तुरबानगरवर वेगळा धागा काढा, मी येईन आणि भांडेन. इथे प्रश्न कुलूप सरकारने लावलेल्या जागेचा आहे. त्या पोराला पळता येत नाही, दार लावता येत नाही, झोपायची जागा बदलता येत नाही.

अजनीवाला:
लिहू की नको असं होतं. माझा पुतण्या मारामारीच्या केसमध्ये विदर्भातल्याच एका जेलात होता. जामीन झाला होता, जामीनदाराच्या ऐपतीचा, सॉल्व्हन्सीचा कागद मिळेना, म्हणून पावसाळाभर आत राहिला. परत आला तो न्हाणीघराचं दार लावून घेईना. दिवा मालवला की ओरडायचा. वहिनीला वाटलं बाहेरचं काही लागलं, ती त्याला घेऊन देवाला गेली. मला त्याने अर्धवट सांगितलं, तेही दारू प्यायल्यावर, आणि वर म्हणाला, काका, कोणाले सांगू नका, पोट्टे हसतील. त्या केसमध्ये तो पुढे निर्दोष सुटला. महालकर, तुम्ही त्या पेजवर हसलात का ते मला माहीत नाही. तो ते पेज रोज पाहतो.

महालकर:
अजनीवाले भाऊ, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. मी हसलो नव्हतो. पण बलात्काऱ्याची अन् त्याची बरोबरी मी करणार नाही.

वकील, सिव्हिल लाइन्स:
बरोबरी करू नका. बराकही करत नाही, ती दुबळा पाहते. म्हणून आत आल्या दिवशीच वय, अंगकाठी, पहिल्यांदा आलाय का, हे पाहून जागा ठरवली पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत ही छाननी ७२ तासांत करावी लागते. आणि तक्रार केली तर पुढचे ९० दिवस त्याच्यावर सूड उगवला जात नाही ना, यावर लक्ष.

जुना खाकीवाला:
कागदावर सगळं होते साहेब. तक्रार कोणाकडे जाते? ज्याच्या ड्युटीत घडलं त्याच्याचकडे.

वकील, सिव्हिल लाइन्स:
बत्रा निकालातच सांगितलंय की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या अखत्यारीत हव्यात.

जुना खाकीवाला:
पेटी मी पाहिली आहे. उघडताना पाहिली नाही.

धंतोलीकर सुमेधा:
मग तेच विचारू. विदर्भातल्या प्रत्येक कारागृहात पेटी कुठे आहे, किल्ली कोणाकडे असते, शेवटची कधी उघडली, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकते. दुसरा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी मागणारा. सह्या हव्या आहेत.

महालकर:
माझं नाव घाला. पण मनोधैर्यचे किती अर्ज पडून आहेत तेही त्यातच विचारा. नाही विचारलं तर नाव काढा.

धंतोलीकर सुमेधा:
एका अर्जात दोन विषय घातले तर दोन्ही परत येतील. तो वेगळा टाकू, मजकूर तुम्ही लिहा.

महालकर:
लिहितो. रविवारपर्यंत देतो.