पणजीत रंगीत गवे हवेत का?

मांडवीकाठ: मुंबईत २०१८ साली रंगवलेले हत्ती जागोजागी उभे होते. लिलावाचा पैसा हत्तींच्या भ्रमणमार्गांसाठी होता. गवा आपला राज्यप्राणी. मिरामार ते आदिलशहाचा वाडा असे फायबरचे गवे मांडू, एकेक चित्रकार एकेक रंगवील. कोणाची हरकत?

सत्तरीकर: माझी आहे. झुरिचने १९९८ साली गायी मांडल्या, दुसऱ्या वर्षी शिकागोने, मग शहरामागून शहरं. साचा तोच, जनावर तेवढं बदलायचं. आणि गवा बघितलाय कधी? काळं कुळकुळीत अंग, गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, खांद्यावर उंचवटा. त्यावर फुलं-मासे रंगवलेत की खाली म्हैस आहे की गवा, कळणार नाही. गेल्या पावसात आमच्या कुळागरात शिरला, फळाला आलेल्या केळी आडव्या केल्या, पोफळीची रोपं तुडवली. पंचनामा झाला, फोटो दिले, पैसे अजून नाहीत. तुम्ही सेल्फी काढणार!

कावीवेडी: दादा, केळींचं दुःख खरं, पण चित्रकारांच्या पोटावर का येता? कला महाविद्यालयातून शिकलेली आमची मुलं हॉटेलांच्या भिंती रंगवतात. एका गव्यावर कावी काढली तर निदान चार लोक विचारतील, हे काय म्हणून.

सत्तरीकर: कावी ओल्या चुन्यावर कोरतात, ताई. वर लाल मातीचा थर, खरवडलं की खालचा पांढरा दिसतो. फायबरवर ब्रशने लाल-पांढरं केलं तर ती कावी नव्हे. देवळांच्या जुन्या भिंतींवरची कावी ऑइलपेंटखाली गेली, तेव्हा कोण बोललं?

कावीवेडी: मी बोलले. आमच्या गावच्या देवळात समितीशी भांडले, दोन वर्षं माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मला शिकवू नका.

कुशावती: कावी राहू दे. रिवणजवळ उसगाळीमळला नदीकाठच्या जांभ्यावर बैल, हरणं, गवे कोरलेत, हजारो वर्षांपूर्वीचे. पावसात नदीचा गाळ त्यांच्यावर बसतो. गव्याची कला तिथे आहे, आधी ती राखा.

मांडवीकाठ: म्हणजे पणजीत काहीच करायचं नाही! कुठलीही गोष्ट काढली की 'आधी ते करा'. सत्तरीकर, लिलावाचा पैसा गव्यांनी नासवलेल्या बागायतींच्या भरपाईला दिला तर?

सत्तरीकर: लेखी द्या, मग बघू. अंग काळं, पाय पांढरे तसेच ठेवायचे. रंगकाम काय ते चबुतऱ्यावर करा. आणि पहिला गवा वाळपईच्या बसस्टँडवर.

कावीवेडी: चबुतरा जांभ्याचा, वर चुन्याचा गिलावा, आणि कावी खरी. एवढं मान्य असेल तर मी कोरणारी माणसं शोधते.

सांतइनेजकर: कुठेही ठेवा, फक्त फुटपाथवर नको. आईला काठी टेकत डॉक्टरकडे नेताना आम्हाला रस्त्यावरून चालावं लागतं.

मांडवीकाठ: फुटपाथवर नको, मान्य. वाळपईचं मात्र पटत नाही, पर्यटक तिथे येत नाहीत.

सत्तरीकर: गवे येतात.