एकच कृत्य, दोन निवाडे : अनुभव धागा

चांगले-वाईट हे पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते, असे आपण सहज बोलून जातो. येथे तत्त्वचर्चा नको आहे. एकाच कृत्याला जवळच्या एका माणसाने पुण्य आणि दुसऱ्याने पाप म्हटले, असा स्वतः पाहिलेला प्रसंग आपण लिहावा, आणि त्या वेळी आपण कोणाच्या बाजूला होता तेही सांगावे, ही विनंती.

सावईवेरे

आमचे घराणे भाटकारांचे, म्हणजे गोव्यातील जमीनमालकांचे. 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले तेव्हा आजोबा नुसते कुरकुरले. परंतु 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्यालाच मालक मानले, तेव्हा त्यांच्या लेखी तो राजरोस दरोडा होता आणि मुख्यमंत्री शशिकला काकोडकर यांचे नाव घरात काढलेले त्यांना खपेनासे झाले. आमचे कूळ चतुर्थीआधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान आणून देत असे. ते येणे थांबले, तेव्हा आजोबांनी त्याला कृतघ्नपणा म्हटले. त्या घरातील माझ्या वयाच्या मुलीने पुढे मला सांगितले की मालकाचा खंड घालून उरलेले भात वर्षभर कधीच पुरत नसे, आणि माटोळी पोहोचवणे हा तिच्या वडिलांना मान नव्हे, जाच वाटत असे. आजोबांचे दुःख खोटे नव्हते. विधवा आत्याचा निर्वाह त्याच खंडावर चालत होता. तरीही त्या कायद्याला अन्याय म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही, कारण ती मुलगी शिकून शिक्षिका झाली ती त्याच जमिनीच्या आधारावर.

डिचोली तालुका

थोरल्या भावाने कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी ट्रक घेतला होता. शेत मी पाहत असे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली, आतील पाणी पंपाने उपसले जाऊ लागले आणि आमची विहीर आटली. पावसात ढिगाऱ्यांची लाल माती वाहून शेतात बसे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या त्या दिवशी मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याच ओसरीवर वहिनी हप्त्यांच्या काळजीने रडत बसली होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामास वाट दिली, तेव्हा ती हसली आणि मी गप्प झालो. 2018 च्या फेब्रुवारीत 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, तेव्हा पुन्हा उलटे. (पट्टेदारांच्या घरी कोणाचा हप्ता थकल्याचे मात्र ऐकिवात नाही.) भाऊ मला दुसऱ्याच्या पोटावर उठलेला म्हणे. तो भात आमच्याच शेतातले खात होता, हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही.

मूळ कुर्डी

आमचे गाव साळावली धरणाखाली गेले. माझी मुलगी मडगावात तेच पाणी पिते. धरण वाईट झाले असे मी म्हणत नाही. चांगले झाले असे माझ्या आईसमोर कोणी म्हणू नये.

फोंडा

वरील अनुभव वाचून माझा एक आक्षेप आहे. दृष्टिकोनाची भाषा बहुधा तोच वापरतो ज्याला स्वतःला काही सोसावे लागत नाही. माझे एक सहकारी धिरयोंचे, म्हणजे बैलांच्या झुंजींचे, परंपरा म्हणून समर्थन करतात. मुंबई उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात त्यांवर बंदी घातली, तरी त्या चोरून होतात, आणि अशा एका झुंजीत शिंगाने फाटलेले पोट मी पाहिले आहे. मालक बैलाला पोराप्रमाणे वाढवतो, असे ते सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु कूळ, ट्रकवाला किंवा विस्थापित यांना निदान आपली बाजू सांगता येते. येथे बैलाला कोणी विचारलेले नाही. हे मी म्हटले, तेव्हा त्यांनी माझ्या डब्यातील तळलेल्या बांगड्याकडे बोट दाखवले. त्यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु त्यामुळे धिरयो योग्य ठरतात असे मला वाटत नाही.