मदत हवी आहे : बाबांच्या जुन्या कातारी लेथला बेअरिंग बसेना (कोल्हापूर)

नमस्कार. माझे बाबा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातणारे. पाळण्याचे खांब, पलंगाचे खूर, लाटणी, रव्या असं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. दुकान सुतारवाड्याजवळ होतं, म्हणजे पंचगंगेचं पाणी चढलं की आधी आमच्याकडं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मशीन बेडच्याही (खालच्या लांब पायाच्याही) वर हातभर पाण्यात गेलं आणि काही दिवस तसंच राहिलं. पाणी उतरल्यावर बाबांनी गाळ धुतला, रॉकेलनं पुसलं, जळकं ऑईल फासलं आणि वर ताडपत्री टाकली. तेव्हापासून ते बंद आहे. आता मी ते घरच्या पडवीत आणलंय आणि चालू करायचंच असं ठरवलंय.

मशीनवर नावाची पट्टी नाही. बेड बिडाचा, हेडस्टॉकही (स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, धरणारा भाग) बिडाचा. बाबा म्हणतात ओतकाम कोल्हापूरच्या उद्यमनगरातलंच आहे. त्यांनी ते जुनं घेतलं होतं, त्यामुळं कागदपत्रं काही नाहीत. गंज वरवरचा निघाला, बेड छान आहे. पण स्पिंडल हातानं फिरवला की आत वाळू असल्यासारखा करकर आवाज येतो आणि पुढचं टोक बोटानं हलवलं तर हलतं.

दोन्ही बेअरिंगं काढली, एकाच मापाची आहेत. व्हर्नियरनं मोजली : आतलं भोक 25.4 मिमी, बाहेरचा व्यास 57.15, जाडी 15.9. नंबर गंजानं खाल्लाय, नीट पाहिलं तर ‘एल’ आणि ‘एस’ एवढी दोनच अक्षरं लागतात. दुकानात दाखवलं तर त्यांनी 6205 नंबरचं दिलं. ते 25, 52, 15 चं. शाफ्टवर, म्हणजे स्पिंडलवर, चढतच नाही आणि हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, खुळखुळतं. दुकानदार म्हणाले, शाफ्ट चार दशांश मिलिमीटर उतरवून (कातून बारीक करून) घ्या आणि हाउसिंगला बुश (आतून कडं) मारा. बाबा म्हणतात, शाफ्टला हात लावायचा नाही. मला बाबांचं पटतं, पण मग करायचं काय?

दुसरी अडचण मोटरची. अर्ध्या एचपीची, सिंगल फेज, 1440 आरपीएमची. रिवाइंड करून (आतली तार नव्यानं बांधून) आणली. बेअरिंगं काढण्याआधी एकदा जोडून बटण दाबलं, तर फेसप्लेट (लाकूड बसवायची तबकडी) आट्यांवरून सुटली, खाली आपटली आणि चाकासारखी घरंगळत तुळशीवृंदावनापर्यंत गेली. बाबा ओट्यावरून ओरडले, “उलटी फिरतीय, बंद कर!” माझा पाय थोडक्यात वाचला. बांधून देणाऱ्याकडं परत न्यायची की घरी दुरुस्त होतं?

तिसरं, मोटरनं स्पिंडल फिरवणाऱ्या पट्ट्यावरचा नंबर पुसलाय. बाहेरून सुतळी लावून मोजला तर 44 इंच भरतो. आणि शेवटचं, बाबांकडं चक (जबड्यांनी लाकूड पकडणारा भाग) नव्हताच, सगळं फेसप्लेटवर आणि दोन सेंटरांत (टोकदार आधारांत) चालायचं. मला वाट्या कातायला चार जबड्यांचा चक हवाय. स्पिंडलला एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे आहेत. आज मिळणारा चक बसेल का?

प्रतिसाद, इचलकरंजीहून

ताई, एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन छोटा लेथ का घेत नाही? फोटोवरून तरी हेडस्टॉक फार जुना वाटतोय.

धागाकर्ती

दादा, विचार केला होता. पण छोटी मशीनं हलकी असतात. हे मशीन उचलायला चौघं लागले. वेडंवाकडं लाकूड लावलं तरी जागचं हलत नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. आणि बाबा अजून शेजारी बसून शिकवू शकतात, ते याच मशीनवर.

प्रतिसाद, उद्यमनगरातला निवृत्त टर्नर

पोरी, बाबांचं ऐक. शाफ्टला हात लावू नकोस.

तू मोजलंयस बरोबर, फक्त मिलिमीटर सोड. 25.4 म्हणजे एक इंच. 57.15 म्हणजे सव्वादोन इंच. 15.9 म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश. तिन्ही मापं इंचात चोख बसतात, म्हणजे बेअरिंगच इंची आहे. त्याचा नंबर आरएलएस 8. तुला दिसलेली दोन अक्षरं त्यातलीच. आपल्याकडं मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण कारखान्यांतले पॅटर्न, टॅप, गेज काही एका दिवसात बदलले नाहीत. जुन्या ओतकामात इंची माप निघालं तर मोडकं समजू नये.

शाफ्ट उतरवला तर काय होतं ते ऐक. नुसत्या बेअरिंगच्या जागेवर भागत नाही. बेअरिंग मागच्या बाजूनं सरकवत आणायचं, म्हणजे पुलीची जागाही उतरवावी लागते, मग पुली सैल. शिवाय हाउसिंगमध्ये अडीच मिलिमीटरचं पातळ कडं ठोकायचं. ते जरा तिरकं बसलं तरी स्पिंडल वाकडा धरला जातो आणि मग वाटीची कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ.

इंची बेअरिंग प्रत्येक दुकानात नसतं, मागवावं लागेल. नंबर सांगूनच मागव, नमुना दाखवलास की पुन्हा 6205 हातात देतील. बसवताना ठोकायचं झालं तर आतल्या कड्यावर पाइप टेकवून, बाहेरच्या कड्यावर कधीच नाही. त्यापेक्षा गरम तेलात धरून सरकव, आपसूक जातं. उघडं बेअरिंग मिळालं तर टोपणात नमद्याचे वॉशर घाल, लाकडाचा भुसा ग्रीस पिऊन टाकतो.

प्रतिसाद, शिरोली एमआयडीसी

पट्ट्याचं सांगतो. वरची रुंदी 13 मिमी असेल तर तो ए सेक्शन (पट्ट्याचं एक ठरलेलं माप). नंबर असतो आतल्या लांबीचा, बाहेरून मोजलं की दोनेक इंच जास्त भरतं. म्हणून 44 ला ए-42 माग.

पण ताई, पट्टा अखंड असतो आणि तुमची पुली दोन बेअरिंगांच्या मधे बंद होते. बेअरिंगं बसवल्यावर पट्टा घालायला गेलात तर सगळं परत खोलायचं! स्पिंडल आत सरकवतानाच पट्टा ओवून घ्या. आमच्याकडं एक जादा पट्टा तेव्हाच आत घालून हेडस्टॉकच्या कडेला सुतळीनं बांधून ठेवतात. पहिला तुटला की दुसरा तयार.

मोटर परत न्यायची गरज नाही. सिंगल फेजला स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की दिशा बदलते. वायरमनकडून करून घ्या, कपॅसिटरला हात लावण्याआधी तो रिकामा करायला सांगा. टेलस्टॉककडून (हेडस्टॉकच्या समोरच्या टोकाकडून) बघितल्यावर स्पिंडल घड्याळाच्या उलट फिरला पाहिजे, म्हणजे लाकडाची वरची बाजू तुमच्याकडं येते आणि चक आवळत राहतो.

प्रतिसाद, कातकामाचा हौशी, सांगली

तुमचे आटे बहुधा व्हिटवर्थ, म्हणजे 55 अंशांचे. आजचे चक 60 अंशांचे. व्यास आणि पिच (आट्यांमधलं अंतर) सारखेच असल्यानं चक साधारणपणे चढतो. घेण्याआधी हातानं शेवटपर्यंत फिरवून बघा, जबरदस्ती नको. चकाला सरळ धरतात आट्यांमागची कॉलर, आटे फक्त ओढून धरतात. त्या कॉलरवर गंजाचा एक दाणा राहिला तरी चक डुगडुगतो. आधी ती साफ करा.

वेगासाठी माझा हिशोब : व्यास इंचात गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर सहा ते नऊ हजारांत. दहा इंची पोळपाटाला 600 ते 900 फेरे. लाकूड ओबडधोबड असताना त्याहून कमीच ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आरएलएस 8 ची जोडी पुण्याहून मागवली, परवा आली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्नर काकांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, “मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाच सूत जाड हाय म्हणून.” खरंच सांगितलं होतं. आठ सुतांचा इंच, पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश. मी ते ऐकून व्हर्नियर काढला, 15.9 लिहिलं आणि दुकानात गेले.

बेअरिंगं तेलात गरम करून सरकवली, पट्टे दोन्ही आधीच ओवले. मोटर सरळ झाली. काल संध्याकाळी मशीन तासभर रिकामं चालवलं. बाबांनी हेडस्टॉकवर तळहात ठेवला, डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “पुढचं गरम न्हाई. चालतंय.”

आता एकच राहिलंय. टेलस्टॉकचं सेंटर हेडस्टॉकच्या सेंटरला भिडवलं तर टोक पाव सूत खाली येतं. दोन्हींच्या बुडाचा गाळ खरवडून काढलाय, तरी फरक तेवढाच. टेलस्टॉकखाली पितळी पत्र्याची शिम (उंची भरून काढायची पातळ पट्टी) घालायचा विचार आहे. काका, पत्रा अखंड घालू की चार बोल्टांखाली चार तुकडे?