भाडं नाही, पण मुक्कामाला मुदत आहे

‘लंडनचं भाडं भरण्यापेक्षा नॅरोबोट (कालव्यातली राहण्याजोगी लांब, अरुंद बोट) घ्यावी, कालव्यावर कुठेही फुकट राहता येतं’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. लायसन्स, विमा आणि दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी हे खर्च सुटत नाहीत. शिवाय बोट काठाला लावून ठेवायला कायमची जागा नसेल, तर ब्रिटिश जलमार्गांच्या १९९५च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसच राहता येतं (खास कारण असेल तर थोडी सवलत). मग काठावरच्या खुंट्या उपटायच्या आणि निघायचं. मुलांच्या शाळेचं काय, ते ज्याचं त्याने बघावं!

लंडनमधल्या रीजंट्स कॅनॉलच्या काठाने चालताना खिडकीतल्या कुंड्यांचे फोटो सगळेच काढतात. मला मात्र आठवतो तो चाकांवरची संडासाची टाकी खडखडत ओढत नेणारा माणूस. बऱ्याच बोटींवर ती भरली की ठरलेल्या जागी नेऊन स्वतःच रिकामी करावी लागते. पिण्याचं पाणीही काठावरच्या नळाला पाइप जोडून भरायचं, आणि पाण्याची टाकी भरेपर्यंत तिथेच ताटकळायचं. हिवाळ्यात छोट्या शेगडीसाठी छतावर रचलेल्या कोळशाच्या गोण्या दिसतात, त्या हौसेच्या नव्हेत.