सैन्य नसलेला देश आणि शस्त्रव्यापार करार

"ज्यांच्याकडे सैन्यच नाही, त्यांना शस्त्रांच्या करारात कोण विचारतो?" असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाकडे बघा. १ डिसेंबर १९४८ रोजी तिथले तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी राजधानी सान होसेमधल्या बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर घण घातला आणि सैन्य मोडीत काढलं. तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच वर्षीच्या यादवीतल्या गोळ्यांच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात.

त्याच देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास १९९७ मध्ये इतर नोबेल शांतता विजेत्यांना सोबत घेऊन शस्त्रविक्रीसाठी आचारसंहिता मागत होते. तेव्हा ते स्वप्नरंजन वाटलं असेल. पण २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार कराराचा, म्हणजे देशादेशांतल्या शस्त्रविक्रीला नियम घालणाऱ्या कराराचा, ठराव आणणाऱ्या सात देशांत कोस्टा रिका होता, ब्रिटन आणि जपानच्या बरोबरीने.

मार्च २०१३ मध्ये सर्वसंमतीच्या अटीमुळे इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया या तिघांनी कराराचा मसुदा अडवला. मग तोच मसुदा आमसभेत नेला, कारण तिथे नकाराधिकार कोणालाच नाही. २ एप्रिलला १५४ विरुद्ध ३ मतांनी तो मंजूर झाला. लहान देशाचं मत तिथे मोठ्याइतकंच मोजलं जातं, खरी ताकद ती.

२३ तटस्थांत भारतही होता. दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांबाबत मसुदा कच्चा आहे, हा आपला आक्षेप रास्तच होता. तरी नरसंहारात वापर होणार हे ठाऊक असताना शस्त्रं पाठवायला बंदी घालणारं सहावं कलम मला फार मोलाचं वाटतं.